धरण आणि धारित्र : साठ्याच्या विचाराचा एक इतिहास

१

'धरण' आणि 'धारित्र' हे दोन्ही शब्द 'धृ' ह्या एकाच धातूपासून आलेले आहेत. परंतु त्यांचे वय व त्यांची वसती ह्यांत फार मोठे अंतर आहे. पहिला शब्द भोर आणि वेल्हे ह्या तालुक्यांच्या खोऱ्यांत कोणत्याही शेतकऱ्याच्या तोंडी ऐकावयास मिळतो. दुसरा पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच पडतो. पंखा दुरुस्त करणारा कारागीर आजही 'कंडेन्सर गेला' असेच म्हणतो. 'धारित्र नादुरुस्त झाले' असे म्हणत नाही. ह्या दोन सगोत्र शब्दांमागील वस्तूंचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर विद्युत्-पुरवठ्याच्या तंत्रातील एक महत्त्वाचा प्रश्न अधिक स्पष्टपणे समजू शकतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

तो प्रश्न थोडक्यात असा : अनियमित आवक नियमित करण्यासाठी साठा करावा लागतो, आणि साठा जितका मोठा तितकी जावक अधिक संथ. परंतु रिकामा साठा प्रथम भरताना जो लोंढा येतो, त्याला आवरण्याची सोय साठ्याच्या ठायी आपोआप नसते. ती वेगळी करावी लागते. साठ्याचा लाभ मनुष्याला फार लवकर कळला. पहिल्या भरतीची जोखीम मात्र त्याला पुष्कळ उशिरा, आणि बहुधा किंमत मोजल्यानंतर कळली. पाण्याच्या बाबतीत हे जसे घडले, तसेच विजेच्या बाबतीतही घडले.

विजेचे वर्णन करताना पाण्याचा आधार घेणे ही काही आजची युक्ती नव्हे. 'प्रवाह' आणि 'दाब' ह्या मराठी संज्ञाच त्याची साक्ष देतात. तेव्हा ज्या मुलखात पाणी अडविण्याचा सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे, त्या मुलखातून ह्या विषयाकडे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. विद्युत्-भार साठविण्याचे पहिले साधन म्हणजे लायडनची बरणी. ती १७४५-४६ च्या सुमारास युरोपात क्लाइस्ट व मुस्सेनब्रूक ह्यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केली. पुढे १७८२ मध्ये व्होल्टा ह्या इटालियन शास्त्रज्ञाने अशा साधनाला जे नाव दिले, त्याचा अर्थ 'घट्ट करणारे' असा होता. त्याच्या मते त्या साधनात वीज एखाद्या बाष्पासारखी दाटून येत असे. 'कंडेन्सर' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. वाफेच्या यंत्रातील निराळ्याच भागालाही तेच नाव असल्यामुळे, आणि वीज 'घट्ट होते' ही कल्पना मागे पडल्यामुळे, विसाव्या शतकात इंग्रजीत धारकतेवर भर देणारा 'कपॅसिटर' हा शब्द पुढे आला. कारागिरांच्या भाषेने मात्र जुना शब्द सोडला नाही. बोलीत रुजलेला उसना शब्द मूळ भाषेतील बदलाची वाट पाहत बसत नाही, ह्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

मराठी परिभाषाकारांनी 'धारित्र' हा शब्द योजला आणि मराठी विश्वकोशानेही तो स्वीकारला. त्यातील 'इत्र' हा प्रत्यय लक्षात घेण्याजोगा आहे. पाणिनीने हा प्रत्यय साधनवाचक अर्थाने मोजक्या धातूंना सांगितला आहे. 'खनित्र' म्हणजे खणण्याचे साधन, 'लवित्र' म्हणजे कापण्याचे साधन, 'अरित्र' म्हणजे वल्हे. आधुनिक परिभाषेने ह्या जुन्या साच्यात 'जनित्र', 'रोहित्र' आणि 'धारित्र' हे नवे शब्द ओतले. ह्यांपैकी 'रोहित्र' हा शब्द वीज-मंडळाच्या कारभारातून खेड्यापाड्यांत पोहोचला. 'धारित्र' पोहोचला नाही. ह्याचे कारण शब्दाच्या काठिण्यात शोधण्यापेक्षा वस्तूच्या दृश्यतेत शोधावे. रोहित्र गावाच्या वेशीवर खांबांवर दिसते आणि ते जळाले म्हणजे सारा गाव अंधारात बसतो. धारित्र पेटीच्या आत असते. जी वस्तू दिसत नाही, तिचे नाव लोकांच्या तोंडी बसावे तरी कसे ?

३

आता धरणाकडे वळू. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांची आवक वर्षातून एकदाच होते. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत ओढे-नाले दुथडी वाहतात आणि फाल्गुन-चैत्रात त्याच पात्रांतून माणसे पायी ये-जा करतात. भोर तालुक्यातील वेळवंडी ही नीरेची उपनदी ह्या नियमाला अपवाद नाही. नीरेच्या खालच्या खोऱ्यात बारामती-इंदापूरकडील जमीन अवर्षणाची. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर तिला पाणी देण्याची निकड सरकारला पटली आणि १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला. नुसत्या कालव्याने मात्र काम भागणारे नव्हते. कारण नदी आटली की कालवाही आटणार. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत वेळवंडीवर भाटघर येथे दगडी धरण बांधण्यात आले. तेही अपुरे पडू लागल्यावर १९१२ मध्ये त्याच परिसरात अधिक उंच धरणाचे काम हाती घेण्यात आले. ते १९२८ मध्ये समारंभपूर्वक खुले झाले आणि मुंबईच्या गव्हर्नराच्या नावावरून 'लॉइड धरण' म्हणून ओळखले जाऊ लागले. सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी धरणारा हा जलाशय आज येसाजी कंकाच्या नावाने ओळखला जातो.

ह्या व्यवस्थेचे मर्म असे की, भाटघरचे पाणी थेट शेतात जात नाही. ते नीरेच्या पात्रातून खाली वीर येथे येते, तेथे पुन्हा अडविले जाते आणि मग कालव्यात वळविले जाते. पहिला साठा मोठा, आवकेच्या जवळचा. दुसरा लहान, मागणीच्या जवळचा. वर्षाचा मोठा चढउतार पहिल्याने पोटात घ्यावा आणि राहिलेला किरकोळ हेलकावा दुसऱ्याने मिटवावा, अशी ही विभागणी आहे. कालव्याचे पाणी ज्या पाळ्यांनी सोडले जाते, त्या पाळीला लाभक्षेत्रात 'आवर्तन' म्हणतात. विजेच्या परिभाषेतही दिशा पालटणाऱ्या प्रवाहाच्या एका फेऱ्याला 'आवर्तन'च म्हणतात. भाषेने हा योगायोग घडविला आहे खरा; पण त्यात एक तथ्य दडलेले आहे. पावसाचे आवर्तन वर्षाला एक आणि आपल्या घरातील विजेची आवर्तने सेकंदाला ५०. काळाचे माप बदलले, तरी प्रश्नाचा आकार तोच राहतो.

४

घरगुती वीज प्रत्यावर्ती असते आणि रेडिओ, संगणक किंवा भ्रमणध्वनीचे चार्जर ह्यांना एकदिश प्रवाह लागतो. एकदिशकारकाने प्रवाहाची दिशा एक केली, तरी त्याची उंची स्थिर होत नाही. दाब सेकंदाला १०० वेळा शून्यापर्यंत उतरून पुन्हा शिखराला जातो. ही शंभर दुष्काळ-सुकाळांची माळ सपाट करण्याचे काम धारित्र करते. दाब चढत असता ते भरून घेते आणि उतरत असता देऊ लागते.

आकड्यांत सांगावयाचे तर २३० व्होल्टांच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. २२० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतले आणि त्यावर ०·३ अँपिअरचा भार ठेवला, तर दोन शिखरांमधील सेकंदाच्या शंभराव्या भागात दाब सुमारे १४ व्होल्टांनी उतरतो. दुप्पट धारित्र घातल्यास ही उतार निम्म्यावर, म्हणजे सुमारे ७ व्होल्टांवर येते. ह्यावरून साठा वाढवीत जावे, म्हणजे काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु चालू करण्याच्या क्षणाचा विचार करा. धारित्र पूर्ण रिकामे आहे. नेमका त्याच क्षणी दाब शिखरावर असेल, तर ते पुरवठ्याला जवळजवळ लघुपथासारखे भासते. वाटेतील एकूण रोध १ ओहम असेल, तर प्रवाह क्षणभर ३२५ अँपिअरपर्यंत उसळू शकतो. ज्या उपकरणाला नित्य अर्धा अँपिअरही लागत नाही, त्याच्या दाराशी हा लोंढा येतो. त्यामुळे फ्यूज वितळतो, खटक्याची टोके भाजतात, एकदिशकारकाचे आयुष्य घटते. ह्या लोंढ्याचे शिखर वाटेतील रोधावर अवलंबून असते, पण त्याचा कालावधी व त्यातील ऊर्जा साठ्याच्या आकारावर. म्हणजे हेलकावा निम्मा करण्यासाठी साठा दुप्पट केला, तर लोंढ्याची ऊर्जाही दुप्पट होते. एकाच उपायाने दोन्ही हेतू साधत नाहीत, एवढेच नव्हे तर एक साधताना दुसरा बिघडतो. ह्या शास्त्रातील मूळ पेच तो हाच.

५

येथे इतिहास उपयोगी पडतो. हा पेच आरंभापासून असूनही प्रारंभीच्या रेडिओ-अभियंत्यांना तो तितकासा जाचला नाही. १९२० नंतरच्या दशकांत घरगुती विजेवर चालणारे रेडिओ आले, तेव्हा त्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ध्वनिवर्धकातून येणारी घरघर. ती ह्या हेलकाव्यामुळेच येत असे. अभियंत्यांचे सारे लक्ष ती घालविण्याकडे होते. लोंढ्याची चिंता त्यांना फारशी करावी लागली नाही, कारण तीन पहारेकरी न सांगता काम करीत होते. पहिला म्हणजे निर्वात नलिकेचा एकदिशकारक. त्याचा अंतर्गत रोध मोठा असे आणि तंतू तापून नलिका वाहू लागण्यास काही सेकंद लागत. त्यामुळे धारित्र हळूहळू भरे. दुसरा म्हणजे पुरवठ्याचे अवजड रोहित्र. त्याच्या वेटोळ्यांचा रोध वाटेत आपोआप येई. तिसरा पहारेकरी म्हणजे धारित्राचे अल्प मूल्य. नलिकांच्या उत्पादकांनीच पहिल्या धारित्रावर काही दशक मायक्रोफॅरडची मर्यादा घालून दिलेली असे.

१९५० नंतर सिलिकॉनचे एकदिशकारक आले. त्यांचा रोध नगण्य आणि त्यांना तापण्याची गरज नाही. खटका दाबताक्षणी ते वाहू लागतात. पहिला पहारेकरी गेला. पुढे द्रुतगतीने प्रवाह तोडून-जोडून दाब बदलणारे पुरवठे प्रचारात आले. १९७७ च्या ॲपल-२ ह्या संगणकात रॉड होल्ट ह्यांनी असा पुरवठा योजला, आणि त्यानंतर घरगुती संगणकांत ही रीत सार्वत्रिक झाली. ह्या पद्धतीत घरातील वीज रोहित्रावाचून थेट एकदिश केली जाते व धारित्रात साठविली जाते. मग ती सेकंदाला हजारो वेळा तोडून एका चिमुकल्या रोहित्रातून पलीकडे नेली जाते. अशा रीतीने दुसरा पहारेकरीही गेला. विद्युत्-विच्छेदी धारित्रे स्वस्त व मोठी झाल्याने तिसराही गेला. यंत्र हलके, लहान व कार्यक्षम झाले. परंतु ज्या संरक्षणाची कोणी गणनाच केली नव्हती, ते ह्या प्रगतीबरोबर नाहीसे झाले. न मोजलेला गुण गेल्यावरच मोजला जातो, हा तंत्राच्या इतिहासातील वारंवार येणारा अनुभव आहे.

६

पाण्याच्या इतिहासात ह्या अनुभवाचे सर्वांत दारुण रूप भाटघरच्या उत्तरेस, वेल्हे तालुक्यात दिसले. (ह्या तालुक्याचे नामांतर अलीकडे 'राजगड' असे झाले आहे.) मुठेची उपनदी असलेल्या आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. धरणाच्या पायथ्यातून पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीचे काम व तिच्या दरवाजांची जुळणी पुरी झालेली नसताना १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी अडले. पाऊस जोराचा झाला आणि जलाशय झपाट्याने भरत गेला. अपुऱ्या मोरीतून पाणी अनियंत्रित वेगाने धावू लागले आणि मोरीवरील मातीचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरण्याची शिकस्त केली. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. तो लोंढा अंगावर येताच खाली खडकवासल्याचे जुने धरणही त्याच दिवशी फुटले आणि मुठाकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला. पानशेतचे धरण पुन्हा बांधण्यात आले. आज 'तानाजीसागर' हा त्याचा जलाशय पुण्याला पाणी देतो.

ह्या घटनेचा अर्थ 'मातीचे धरण दुबळे असते' असा करणे योग्य होणार नाही. मातीची असंख्य धरणे सुरक्षित उभी आहेत. धरणाच्या आयुष्यातील पहिली भरती ही एक स्वतंत्र अवस्था असते. कोरडा भराव तेव्हा प्रथमच भिजतो, त्यावर प्रथमच भार येतो, आणि बांधणीतील प्रत्येक उणीव तेव्हाच उघडी पडते. म्हणून ती भरती टप्प्याटप्प्याने व्हावी लागते, आणि आवक व जावक दोन्ही माणसाच्या हाती असाव्या लागतात. पानशेतला साठा होता. भरतीवरचा हात नव्हता. भाटघरला, उलट, जादा पाणी आले म्हणजे पाण्याच्याच भाराने उघडणाऱ्या स्वयंचलित दरवाजांची योजना आहे. तेथे निर्णय मनुष्याच्या जागरूकतेवर न सोडता व्यवस्थेतच गुंफला आहे.

७

विद्युत्-पुरवठ्यातही हेच दोन मार्ग दिसतात : लोंढ्याच्या वाटेत अडसर घालणे, आणि तो अडसर योग्य वेळी आपोआप दूर होईल असे करणे. वाटेत १० ओहमचा रोध घातला, तर पूर्वीच्या उदाहरणातील शिखर ३२५ अँपिअरवरून सुमारे ३० वर येते. येथे एक बाब विद्यार्थ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. दाब त्या क्षणापुरता स्थिर धरला, तर धारित्र भरताना रोधात जी उष्णता होते, ती रोधाच्या मूल्यावर अवलंबून नसते. धारित्रात जेवढी ऊर्जा साठते, तेवढीच वाटेत खर्ची पडते. आपल्या उदाहरणात ती सुमारे १२ जूल होते. रोध वाढविल्याने हानी वाढत नाही. तीच हानी अधिक काळात वाटली जाते. आवरणे म्हणजे कमी करणे नव्हे, तर काळ देणे होय.

परंतु तोच रोध पुढे कायम वाटेत राहिला, तर नित्य प्रवाहातही व्यर्थ उष्णता होत राहील. म्हणून तापल्यावर ज्याचा रोध घटतो असा थर्मिस्टर वापरतात. थंड असता तो १० ओहम दाखवितो आणि प्रवाहाने तापला म्हणजे एका ओहमखाली येतो. उपाय स्वस्त व सुटसुटीत आहे, पण त्यात एक उणीव आहे. वीज काही सेकंदच गेली आणि परत आली, तर धारित्र रिकामे झालेले असते, पण थर्मिस्टर अजून तापलेलाच असतो. त्याला थंड होण्यास मिनिटभर तरी लागते. तेव्हा दुसरा लोंढा बिनविरोध आत शिरतो. भोर-वेल्ह्यासारख्या डोंगराळ मुलखात पावसाळ्यात वाऱ्याने फांदी तारेवर घासून वीज जावी आणि क्षणात परतावी, हे नित्याचेच आहे. उष्ण देशातील व खंडित पुरवठ्याच्या प्रदेशातील उपकरणांच्या रचनेत ह्या गोष्टीचा वेगळा विचार व्हावयास हवा. मोठ्या पुरवठ्यांत म्हणून स्थिर रोध ठेवतात आणि धारित्र भरल्याची खात्री पटताच एक रिले किंवा अर्धवाहक खटका तो रोध बाजूस सारतो. भाटघरच्या स्वयंचलित दरवाजाचा हा धाकटा भाऊच म्हणावयाचा.

हेलकाव्याच्या बाजूनेही भाटघर-वीरची विभागणी उपयोगी पडते. आवकेजवळचे मोठे धारित्र १०० आवर्तनांचा संथ हेलकावा पोटात घेते. मागणीजवळची लहान धारित्रे तोड-जोडीतून निर्माण होणारा द्रुत हेलकावा मिटवितात. आवर्तने जितकी जलद, तितका दुसरा साठा लहान पुरतो. कारण दोन भरतींमधील दुष्काळच अल्प असतो. तोड-जोडीचे पुरवठे आकाराने लहान होऊ शकले, ते प्रामुख्याने ह्याच कारणाने.

दोन क्षेत्रांतील आणखी एक साम्य वरवरचे नव्हे. विद्युत्-विच्छेदी धारित्रातील विद्युत्-रोधक थर हा ॲल्युमिनियमवरील अत्यंत पातळ ऑक्साइडचा असतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या धारित्रात तो क्षीण होतो. त्याला एकदम पूर्ण दाब दिला, तर ते तापून फुटू शकते. म्हणून मर्यादित प्रवाहाने दाब हळूहळू चढवून तो थर पुन्हा घडवून घ्यावा लागतो. येथेही पहिली भरती ही नुसती भरती नसून घडण असते.

अर्थात् उपमेच्याही मर्यादा आहेत. धरण फुटले तर माणसे मरतात आणि गावे वाहून जातात. धारित्र फुटले तर बहुधा एक पेटी निकामी होते. पानशेतच्या दुर्घटनेला केवळ एका तांत्रिक तत्त्वाचे उदाहरण मानणे हे त्या दिवशी सर्वस्व गमावलेल्यांवर अन्याय करणारे होईल. परंतु तत्त्व एकच असेल, तर ते लहान क्षेत्रात स्वस्तात शिकता येते, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

८

शेवटी परिभाषेविषयी. हेलकावा व लोंढा हे शब्द प्रस्तुत लेखात हेतुपुरस्सर योजले आहेत. एकदिश दाबावरील अवशिष्ट चढउताराला 'तरंग' म्हणावे, तर तो शब्द पदार्थविज्ञानात लाटेसाठी आधीच गुंतलेला आहे. 'हेलकावा' ह्या शब्दात एका स्थिर पातळीभोवती वरखाली होणे हा अर्थ मुळातच आहे. तसेच आरंभीच्या अतिरिक्त प्रवाहाला 'प्रारंभिक अंतःप्रवाह' म्हणता येईल. पण 'प्रवाह' म्हटल्याने काही वाहते आहे एवढेच कळते. 'लोंढा' म्हटल्याने ते एकाएकी, दाटीने आणि आवरण्यापलीकडच्या वेगाने येत आहे, हे कळते. आणि त्याला आवरावयास हवे, हेही कळते. संज्ञा वस्तूकडे बोट दाखविते. चांगली संज्ञा धोक्याकडेही बोट दाखविते.

ह्याचा अर्थ संस्कृतोद्भव संज्ञा टाकाव्या असा नव्हे. 'धारित्र' हा शब्द सुघटित आहे आणि 'धरण' ह्या सख्ख्या भावामुळे तो मराठी मनाला परकाही नाही. हे नाते आजवर कोणी विद्यार्थ्याला सांगितले नाही, एवढेच. भोरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला धारित्र शिकविताना पाटीवर दोन समांतर रेघा काढण्यापूर्वी भाटघरचा जलाशय, त्याचे दरवाजे आणि वीरचा बंधारा ह्यांचे स्मरण करून द्यावे. भाटघरच्या पायथ्याशी १९७७ पासून १६ मेगावॉटचे जलविद्युत्-केंद्र आहे. म्हणजे तेथे धरणाने साठविलेले पाणी विजेचे रूप घेऊन बाहेर पडते आणि त्या विजेचा काही अंश कोठल्या ना कोठल्या धारित्रात क्षणभर विसावतो. शब्दांचे गोत्र आणि वस्तूंची परंपरा अशी एकाच ठिकाणी क्वचितच भेटते. जेथे ती भेटते, तेथून शिकविण्यास आरंभ करणे हे भाषाशास्त्राच्या आणि विज्ञानाच्या अध्यापकांचे समाईक काम आहे.